रोजगारनिर्मितीचा रकाना

मी इचलकरंजीत प्रोजेक्ट रिपोर्ट बनवतो. म्हणजे कुणाला नवे माग घालायचे असले की कर्जासाठी बँकेला जो जाडजूड गठ्ठा द्यावा लागतो ना, मशीनचं कोटेशन, जागेचा उतारा, पाच वर्षांचा नफा-तोटा, तो माझ्या टेबलावर तयार होतो. पंधरा-सोळा वर्षं हेच करतोय. त्यात एक रकाना असतो रोजगारनिर्मितीचा. मध्यंतरी एका पार्टीचा १६ एअरजेट मागांचा, म्हणजे हवेच्या झोतानं आडवा धागा फेकणाऱ्या नव्या वेगवान मागांचा, रिपोर्ट केला, त्यात या रकान्यात ३० लिहिलं. मालकच म्हणाले ३० लिहा, बरं दिसतंय. ज्या शेडमध्ये हे माग बसणार होते तिथं आधी ६४ साधे माग होते, एका माणसाकडं चार माग, दोन पाळ्या, म्हणजे ३२ नुसते मागवाले, वर माग दुरुस्त करणारा जॉबर, कांडीवर सूत भरणाऱ्या कांडीवाल्या बायका, घडीवाला, दिवाणजी. धरून चाला पंचेचाळीस माणसं. ती कुठं गेली हे विचारणारा रकाना रिपोर्टात नाही. त्याच पानावर पाण्याचाही एक रकाना असतो, त्यात मी दर वेळी 'नगण्य' लिहितो, कारण विणकामाला पाणी लागतच नाही म्हणे, कोरडी प्रोसेस.

मला जे सांगायचंय ते या दोन रकान्यांचंच आहे.

आधी एक स्पष्ट करतो, नाहीतर लगेच 'हा जुन्या मागाचं रडगाणं गातोय' असं होईल. आमचे आण्णा खर्चीवाले होते, आठ मागांचं शेड, ट्रेडिंगवाला सूत द्यायचा, आण्णा विणून द्यायचे आणि पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घ्यायचे. त्या शेडमध्ये मी शाळेची सुट्टी काढलीय. त्यात रम्य वगैरे काही नव्हतं. आठ मागांचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागायचं. आण्णांना पन्नाशीतच कमी ऐकू यायला लागलं आणि घरात सगळे एकमेकांवर ओरडतायत असं पाव्हण्यांना वाटायचं. कापसाची पूस केसात, भुवईवर, छातीत. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागात ये-जा करणारा लाकडी तुकडा, तो सुटून डोळ्याला लागलेला माणूस आमच्या गल्लीत होता. बारा तासांची पाळी, रातपाळीला तर माणूस उभ्या उभ्या डुलकी काढायचा. त्यामुळं कुणी साध्या मागाला 'आपली परंपरा' म्हणायला लागलं की मला हसू येतं. नवीन शेडमध्ये जा, हवेत ओलावा राखणारा ह्युमिडिफिकेशन प्लँट असतो, हवेत पूस कमी, धोटाच नाही त्यामुळं तो उडायचा प्रश्न नाही, धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि दिवा लागतो. त्या शेडमध्ये काम करणाऱ्या पोराची छाती आण्णांपेक्षा बरी राहणार यात मला शंका नाही.

आता एक हिशेब करू, कारण याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. ५२ पिकाचं कापड धरा, आमच्याकडं मजुरीची भाषाच ५२ पिकाची असते. म्हणजे एका इंचात ५२ आडवे धागे, एका मीटरला साधारण २,०५० धागे. साधा माग मिनिटाला १३० च्या आसपास फेऱ्या मारतो, धागा तुटणं, कांडी बदलणं हे धरून पाऊण वेळ चालला असं समजा, तर तासाला पावणेतीन-तीन मीटर. बारा तासात ३४ मीटर. चार माग सांभाळणारा माणूस पाळीत १३५-१४० मीटर काढतो. एअरजेट मिनिटाला ७०० धरा, काही त्याच्याही वर जातात, नव्वद टक्के वेळ चालतो, तर तासाला १८ मीटर, बारा तासात २२० च्या वर. एका माणसाकडं आठ माग दिले तर पावणेदोन हजार मीटर होतात. म्हणजे तेरापट, आणि यात पन्हा जास्त असतो ते धरलंच नाही. माझा हिशेब थोडा इकडं तिकडं होईल, सुताचा नंबर बदलला की आकडे बदलतात, पण पट काही दोन-तीन होणार नाही. एवढा फरक असेल तर साधा माग टिकणार नाही, आणि कुणाच्या मोर्चानं, निवेदनानं, उपोषणानंही टिकणार नाही हे मला मान्य आहे.

पण हे जे तेरा पट झालं ते गेलं कुणाकडं?

सगळ्यात आधी गेल्या त्या कांडीवाल्या. हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. साध्या मागात धोट्याच्या पोटात कांडी बसते, तिच्यावर सूत भरावं लागतं, ती दर काही मिनिटांनी संपते, म्हणून प्रत्येक शेडला कांडी मशीन आणि त्यावर एक-दोन बायका. कितीतरी घरात सासू कांडी भरायची आणि सून शाळेच्या पोषण आहाराच्या कामाला, असं चालायचं. रेपियर (पट्टीनं धागा ओढून नेणारा माग) असो की एअरजेट, आडवा धागा सुताच्या कोनावरून, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या रिळावरून, थेट जातो. कांडी हा प्रकारच उरला नाही. त्यांना कुणी कामावरून काढलं नाही, नोटीस नाही, संप नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही, नुसतं एक दिवस कांडी लागेनाशी झाली. मागवाल्यांची युनियन होती, जॉबरची वट होती, या बायकांची कुठल्या कागदावर नोंदही नव्हती. आणि त्या गेल्या कुठं म्हणाल तर गारमेंटच्या शिलाईला गेल्या काही, बाकीच्या धुण्याभांड्याला.

त्यांच्यामागं गेला धोटा बनवणारा. मग पिकर, म्हणजे धोट्याला ठोकणारा भाग, विकणारा, पिकिंग स्टिक घासून देणारा सुतार, मागाचे बिडाचे सुटे भाग ओतणारी फौंड्री. आमच्या भागात एक रस्ता होता जिथं सगळी मागाच्या स्पेअरची दुकानं, आता तिथं मोबाईल ॲक्सेसरीज आणि चायनीजचे गाडे आहेत. साध्या मागाचा स्क्रू न् स्क्रू इथं किंवा कोल्हापुरात बनायचा. नवीन मागाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर ते बेल्जियम नाहीतर जपानवरून येतं, किंवा मुंबईच्या एजंटकडं पडून असतं आणि तोपर्यंत माग बंद. पिकॅनॉल, त्सुदाकोमा, सोमेट ही नावं आता इथल्या पोरांना क्रिकेटरांसारखी पाठ आहेत, पण यातला एकही माग आपण बनवत नाही. मेक इन इंडियाच्या पोस्टरखाली इंपोर्टेड माग चालतात, ही गंमत मला रिपोर्ट टाईप करताना दर वेळी वाटते, पण ती लिहायला रकाना नसतो.

बरं, हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचं प्रोत्साहन होतं, तेव्हा हातमागावर बसणारे कोष्टी-साळी काय म्हणाले असतील? पण त्या वेळी एक फरक होता, हातमागवाला पोट मारून का होईना, एखादा यंत्रमाग घेऊ शकत होता. हळूहळू घेतलाही. कामगाराचा मालक झाल्याची उदाहरणं या गावात घराघरात सापडतील, आण्णा स्वतः त्यातलेच, आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये मागवाले होते. ती शिडी चढता येत होती कारण पायऱ्या जवळजवळ होत्या.

दुसरी गोष्ट १९८२ ची. १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, दत्ता सामंत, अडीच लाखाच्या आसपास कामगार. मुंबई उपाशी राहिली आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी भरभराटीला आली. हे बोलायला आम्हाला जरा जड जातं, पण खरं आहे. आणि त्यात गंमत बघा, गिरणीतला माग आमच्यापेक्षा काही जुना नव्हता, उलट बंद गिरण्यांतले माग सेकंडहँड निघून यंत्रमागाच्या गावात आले. म्हणजे तंत्रज्ञान तेच, फक्त प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय, आठ तास, कँटीन हे सगळं मागं सोडून आलं. इथं तेव्हा दहापेक्षा कमी कामगार दाखवले की फॅक्टरी ॲक्ट लागत नव्हता, म्हणून एकाच शेडचे चार जणांच्या नावावर चार कारखाने. बायकोच्या नावानं एक, आईच्या नावानं एक. तेव्हा जो जिंकला तो चांगलं मशीन आहे म्हणून जिंकला नाही, माणूस स्वस्त होता म्हणून जिंकला. त्यामुळं 'टेक्नॉलॉजी पुढं जाते आणि माणसानं तिच्याबरोबर जायचं असतं' असं कुणी सांगायला लागलं की मी म्हणतो बाबा, आमच्या गावात तर ती एकदा मागं आलेली आम्ही बघितलीय, आणि आम्हीच तिच्यावर घरं बांधली.

आता मुद्द्याचं. नवीन मागाबद्दल एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, ती म्हणजे हा माग झोपू शकत नाही.

आण्णांचे आठ माग कधीच फिटलेले. कर्ज नाही, हप्ता नाही. बाजारात मंदी आली, पॉपलीनला गिऱ्हाईक नाही, की ट्रेडिंगवाला सूत द्यायचा थांबायचा आणि आण्णा माग बंद ठेवायचे. आठ दिवस, पंधरा दिवस. गावातले निम्मे माग बंद झाले की कापड कमी यायचं आणि भाव परत जरा वर यायचा. खडखडाट बंद झाला की कळायचं मंदी आलीय, लहानपणी आम्हाला ती शांतता फार भीतीदायक वाटायची. हे चांगलं होतं असं अजिबात म्हणत नाही, कारण त्या पंधरा दिवसात मागवाल्याला मजुरी नसायची, म्हणजे मंदीचा सगळा भार त्याच्याच चुलीवर. पण बाजाराला एक ब्रेक होता. आता ज्यानं कोटीत कर्ज काढून शेड घातलंय त्याला महिन्याच्या ठराविक तारखेला हप्ता भरायचाय, बँक काही सूत महाग झालंय म्हणून थांबत नाही, मग तो तोट्यातही माग चालवतो. तिन्ही पाळ्या चालवतो. कारण बंद ठेवला तर तोटा आणखी मोठा. असे सगळेच तोट्यात चालवतात, कापडाचे ढीग लागतात, भाव आणखी पडतो, आणि त्या पडलेल्या भावात सगळ्यात आधी मरतो तो आठ मागवाला, ज्याच्यावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं. नोटबंदी आणि त्यामागून जीएसटी आला त्या काळात हे फार जवळून बघितलं. आण्णांनी आठही माग भंगारात किलोच्या भावानं घातले. टेंपोत चढवताना जॉबर मामा आले होते, ज्यांनी त्या मागांची तीस वर्षं देखभाल केली, ते म्हणाले, "आण्णा, बिडाला भाव बरा मिळाला बघा." आण्णांना ऐकू आलं की नाही माहीत नाही.

माझ्या क्लायंटमधले मोठे लोक वाईट आहेत असं नाही. उलट बरेचसे रात्री झोपत नाहीत. मागाचं प्रॉडक्शन आता मोबाईलवर दिसतं, कुठला माग किती वेळ बंद होता, कुठल्या पाळीत किती मीटर, मग माणूस लग्नात जेवता जेवता फोन काढून बघतो आणि तिथूनच फिटरला शिव्या घालतो. एक जण मला म्हणाला, "आधी शेडला कुलूप लावलं की घरी जायचो, आता शेड खिशात घेऊन हिंडतोय." मालकाची ही स्थिती, तर ज्या फिटरला मध्यरात्री फोन येतो त्याचं काय विचारता.

मग सरकारनं काय केलं? सरकारनं मशीनला पैसे दिले. १ एप्रिल १९९९ पासून टफ, म्हणजे मशीन अद्ययावत करायला मदत देणारी योजना, तिचे नवे नवे अवतार, शेवटचा २०२२ च्या मार्चपर्यंत. त्या शेवटच्या अवतारात नव्या शटललेस, म्हणजे बिनधोट्याच्या, मागांना १० टक्के भांडवली अनुदान होतं, कमाल मर्यादा २० कोटी. दहा टक्क्यांनी २० कोटी मिळवायचे तर २०० कोटी घालायला लागतात. मर्यादाच एवढी उंच ठेवली तर ती कुणाला डोळ्यासमोर ठेवून ठेवली हे कळायला सीए असायची गरज नाही. आठ मागवाल्याला कायद्यानं कुणी अडवलं नव्हतं, अर्ज करता येत होता की, फक्त अनुदानाच्या आधी कर्ज लागतं आणि कर्जाच्या आधी तारण लागतं, आणि तारण म्हणून त्याच्याकडं भाड्याचं शेड आणि आठ भंगार माग. शिडीच्या पायऱ्या जवळजवळ होत्या म्हटलं ना, त्या अशा लांब झाल्या.

लहानासाठी काहीच नव्हतं असं पण नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. साध्या मागालाच जागेवर सुधारायची योजना होती, २०१७ ला पॉवरटेक्स नावाखाली ती परत वाजतगाजत आली. म्हणजे धागा तुटला की माग थांबवणारी ॲटॅचमेंट, बीमचा ताण सारखा ठेवणारी ॲटॅचमेंट, तेल न लागणारे नायलॉनचे पार्ट, निम्म्याच्या आसपास पैसे सरकारचे. मला ही योजना मनापासून आवडायची. कारण यात माणूस तोच, शेड तेच, जॉबर तोच, फक्त कापडात डाग आणि खोट कमी, आणि मागवाल्याचे डोळे सतत धाग्यावर लावून ठेवायचं काम कमी. पण तिला प्रतिष्ठा नव्हती. मंत्र्याला फीत कापायला एअरजेटचं शेड बरं दिसतं, नायलॉनच्या दातेरी चाकापुढं कोण फोटो काढणार? आणि खरं सांगायचं तर आमच्या लोकांनीही कागदोपत्री बरेच प्रताप केले, ते सांगत बसलो तर वेगळा लेख होईल.

आता पाण्याकडं येतो. 'नगण्य'.

विणकाम कोरडं आहे हे खरं. पण विणायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावावी लागते, सायझिंग, नाहीतर मागावर घासून घासून धागा तुटेल. आणि माग जितका जोरात पळणार तितकी ती खळ चांगली लागणार, कारण १३० च्या जागी ७०० वेळा धागा वरखाली होणार, घासणार, ताणला जाणार. ही खळ कापडात राहते. मग प्रोसेसला गेल्यावर सगळ्यात पहिलं काम काय तर ती धुऊन काढणं. स्टार्च असेल तर ते पाण्यात जाऊन कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन खातं, कापड प्रोसेसच्या सांडपाण्याचा जो ऑक्सिजन खाणारा भार असतो त्यातला जवळजवळ निम्मा नुसत्या या धुलाईतून येतो. लोकांना वाटतं रंगानं नदी मरते. रंग दिसतो म्हणून तसं वाटतं. मासे मारायला आपल्या धोतराला लागते तसली खळसुद्धा पुरते. आणि पीव्हीए ही कृत्रिम खळ वापरली तर ते सहजासहजी कुजतही नाही. म्हणजे माझ्या रिपोर्टात १६ एअरजेटसमोर जे 'नगण्य' आहे ते दुसऱ्या कुणाच्या तरी रिपोर्टातून ओढ्यात येतंच, फक्त माझ्या पानावर येत नाही.

आमच्या गावातल्या ओढ्याचं नावच काळा ओढा आहे, यावर अजून काय लिहायचं. तो पंचगंगेला मिळतो. पंचगंगेचे सगळे दोष आमचेच असं मी म्हणणार नाही, वर कोल्हापूरचा जयंती नाला आहे, साखर कारखाने आहेत, गावागावाचं मैलापाणी आहे, प्रत्येकजण खालच्याकडं आणि वरच्याकडं बोट दाखवतो आणि दर उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर मासे तरंगतात, जलपर्णीचा गालिचा पसरतो, दोन दिवस पंचनामा, मग पाऊस येतो आणि सगळे सुटतात. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. नदीकाठचं गाव, पण प्यायला आधी कृष्णेचं पाणी आणलं, ते पुरेना म्हणून वारणेचं मागितलं, तिथल्या गावांनी विरोध केला, मग दूधगंगेचं सुळकूडवरून मागितलं तर कागल तालुक्यानं विरोध केला. आम्हाला राग येतो, आमच्या वाट्याचं पाणी अडवतायत म्हणून. पण त्या गावच्या माणसाच्या जागी बसून बघितलं तर तो म्हणणारच की तुमच्या दारातली नदी तुम्ही घालवली, आता आमची कशाला? याला आमच्याकडं उत्तर नाही. मी तरी एकाही सभेत ऐकलेलं नाही.

शिवाय आमचं बरंचसं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं, कापड इथं रंगतच नाही, ते ट्रकात भरून राजस्थानात बालोतरा, पालीला जातं आणि तिथल्या लुणी, बांडी नद्यांची काय दशा झालीय ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारा. कापड जेवढं वाढणार तेवढी खळ कुठं ना कुठं धुतली जाणार आहे. कुठल्या नदीत ते ट्रकच्या भाड्यावर ठरतं.

तिरुपूरचं उदाहरण सगळेजण देतात, मी पण देतो, पण पूर्ण देतो. नोय्यल नदीची वाट लागली, खालच्या शेतकऱ्यांनी कोर्टात वर्षानुवर्षं झगडून शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टानं सातशेच्या वर डाईंग युनिटं बंद करायला लावली. हाहाकार झाला, माणसं गावाकडं परत गेली, ऑर्डरी दुसरीकडं गेल्या. मग सरकारनं बिनव्याजी पैसे दिले, सांडपाण्याचा थेंब बाहेर सोडायचा नाही या अटीवर प्लँट परत सुरू झाले आणि आज तिथं बहुतेक पाणी शुद्ध करून परत वापरात येतं. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं असं की पाणी आटवायला प्रचंड इंधन लागतं आणि शेवटी जे मीठ उरतं त्याचे ढीग ठेवायचे कुठं हा प्रश्न अजून आहेच. तरीही मी म्हणेन की ते आपल्यापेक्षा पुढं आहेत, कारण त्यांचा कचरा निदान त्यांच्या आवारात आहे, त्यांच्या डोळ्यासमोर. दुसऱ्याच्या विहिरीत नाही. आणि हे लक्षात घ्या की ते मशीन आलं म्हणून झालं नाही, मशीन आधीही मिळत होतंच. कोर्टानं कुलूप लावलं म्हणून झालं.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं, आणि ते चुकीचं आहे असं नाही. "तुम्ही अटी घातल्या की धंदा सुरतला जाईल, बांगलादेशला जाईल, चीन तर टपूनच बसलाय." बरोबर आहे, कापडात पैशापैशावर सौदा फिरतो. पण मग मला सांगा, वीज सवलत आम्ही मागतो तेव्हा हाच धंदा म्हणतो आम्ही रोजगार देतो म्हणून सवलत द्या. २७ एचपी जोडभाराच्या आत किती सवलत, बाहेर किती, यावरून मोर्चे निघतात, आमदार विधानसभेत भांडतात, आणि भांडणात शब्द एकच, शेतीखालोखाल रोजगार देणारा उद्योग. देशातल्या यंत्रमागांपैकी निम्म्याच्या आसपास महाराष्ट्रात आहेत, हाही आकडा प्रत्येक भाषणात असतो. रोजगाराच्या नावावर सवलत घ्यायची आणि ती सवलत घेऊन घातलेल्या शेडमध्ये रोजगार किती उरला हे विचारलं की जागतिक स्पर्धा सांगायची, हे दोन्ही एकाच तोंडानं कसं चालेल? एअरजेटला हवा दाबायला कॉम्प्रेसर लागतो आणि तो चोवीस तास वीज पितो, ती वीज स्वस्त कुणाच्या पैशानं होते? सगळ्यांच्या. त्यात ती कांडीवाली पण आली, काडेपेटीवर टॅक्स ती पण भरते.

माझं म्हणणं फार मोठं नाही. मशीनला सार्वजनिक पैसा देताय ना, द्या, त्याच पैशातला एक भाग त्या मशीननं ज्यांना उठवलं त्यांच्या नावानं वेगळा काढा आणि तो मालकाच्या हातात देऊ नका. जॉबरला फिटर करायला सहा महिने पुरतात, मी बघितलंय. ज्या हातानं आवाजावरून मागाचा बिघाड ओळखला त्याला सेन्सर शिकवायला आयआयटी लागत नाही, फक्त त्या सहा महिन्यात घर कोण चालवणार हा प्रश्न असतो, आणि वय पंचेचाळीस असलं की कुणी विचारत नाही. आमच्या जॉबर मामांना एक शेडवाला कामावर घेतो म्हणाला. वॉचमन म्हणून. पाण्याचं पण तसंच, मागाचं अनुदान आणि खळ धुणाऱ्याचं सांडपाणी ही दोन वेगळ्या खात्याची प्रकरणं राहिली तोपर्यंत काळा ओढा काळाच राहणार. जेवढे नवे माग मंजूर करता तेवढ्या कापडाची धुलाई कुठं होणार, ते विचारा की आधीच. आणि लहान माणसाला एकट्याला एअरजेट झेपत नाही हे उघड आहे, पण दहा जणांचं मिळून एक शेड, एक कॉम्प्रेसर, एक फिटर, हे या गावाला नवीन नाही. सहकारी सूतगिरण्या, सहकारी बँका काढलेलं गाव आहे हे. त्यांचं पुढं काय झालं ते मलाही माहिती आहे, लगेच हसू नका, पण राजकारणानं एक सहकारी संस्था खाल्ली म्हणून प्रत्येकानं एकट्यानं बुडायचं, हा काय न्याय झाला?

मी स्वतः काय करतो असं कुणी विचारेल. रिपोर्टच बनवतो. एकदा आगाऊपणा करून रोजगाराच्या पानावर 'सध्याचा रोजगार' आणि 'प्रकल्पानंतरचा रोजगार' असे दोन रकाने केले होते. बँकेतल्या साहेबांनी फाईल परत पाठवली, फॉरमॅटमध्ये नाही म्हणून. त्यांचं काही चुकलं नाही, फॉरमॅट वरून येतो.

परवा परत एक पार्टी आली, २४ रेपियर. जागा कुठली विचारली तर आमच्या जुन्या घरामागचीच, तिथं अजून थोडे साधे माग चालू आहेत, गेलो की ओळखीचा खडखडाट येतो. सगळी माहिती घेतली, कोटेशन, लाईट बिल, आधार, पॅन. रोजगारनिर्मितीत किती लिहू म्हटलं. ते फोनवर माग बघत होते, मान वर न करता म्हणाले, "मागल्या पार्टीचं किती लिहिलं होतं? तेवढंच लिहा."

३० लिहिलंय.